बाजारातली शांतता आणि मामांचा डफ

बाजारात वाद्य वाजवायला बंदी करणारा नियम वर्ध्यात सगळ्यात आधी मी वाचला, आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घही मीच दुरुस्त केले. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढे मी नगरपालिकेवर तोंड सोडणार आहे, तेव्हा माझे हात स्वच्छ होते असा कोणाचा समज व्हायला नको.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करते. नगरपालिकेची छपाई आमच्याकडेच येते. तेव्हा नवीन राज्य होऊन वर्ष होत आलं होतं. आदल्या दिवाळीपर्यंत आम्ही मध्यप्रदेशात होतो आणि मग घरातून न हलता मुंबई राज्यात गेलो. जुन्या नमुन्यांचे मथळे बदलून छापायला यायचे आणि खिळे जुळवणारे दोघे वैतागून दोन्ही राज्यांना शिव्या घालायचे. त्याच ढिगाऱ्यात हा कागद आला. बाजाराच्या हद्दीत शांतता राखण्यासाठी परवान्याशिवाय कोणी वाद्य वाजवू नये. त्याखाली सवलती. जाहिरातीचा परवाना घेतलेल्या ध्वनिवर्धकांना नियम लागू नाही. लग्नाची वरात, मिरवणूक, अंत्ययात्रा यांना लागू नाही. परंपरागत सेवेतल्या वाजंत्र्यांना लागू नाही. मी वेलांट्या सरळ केल्या आणि कागद यंत्रावर पाठवला. नियम कोणाला लागू नाही हे इतकं सविस्तर लिहिलं होतं, की तो कोणाला लागू आहे हे विचारायचं मला सुचलंच नाही.

ते रविवारी बाजारात कळलं.

बाजाराच्या टोकाला, जिथे मडकी मांडून बसतात, तिथे एक कडुलिंब आहे. त्याखाली उभे राहून मामा डफ वाजवायचे. मामा म्हणजे साऱ्या बाजाराचे मामा. मूळचे रोहण्याकडच्या एका खेड्यातले. तिथे गावाचं डफडं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात होतं. नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा मामा गेले होते, आणि परत आल्यावर त्यांनी गावाला सांगून टाकलं की आता हे डफडं तुमच्या दारात वाजणार नाही. मग गावानेही त्यांना मजुरीवर बोलावणं बंद केलं. बायको-लेकरं घेऊन मामा वर्ध्याला आले, बोरगावच्या कडेला झोपडी घातली आणि सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोजे उचलायला लागले. सहा दिवस बोजे आणि सातव्या दिवशी कडुलिंबाखाली डफ.

गाणी त्यांची स्वतःची. जिनातल्या रुईच्या फुफाट्यावर एक होतं, पोरीला शाळेत घालताना मास्तरने विचारलेल्या प्रश्नांवर एक होतं, आणि राज्य बदललं पण नाली तीच राहिली यावर एक होतं. त्याला मडकीवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी त्याच कडुलिंबापाशी पत्रकं वाटायचे. दुकानातल्या नोकरांना आठवड्याची सुट्टी हवी, टांगेवाल्यांना पाणपोई हवी, असली पत्रकं. थंडीत डफाचं कातडं सैल पडतं, त्याला जाळावर शेकून ताणून घ्यावं लागतं. मामा माझ्याकडूनच पत्रकं मागून घ्यायचे, पेटवायचे आणि डफ त्यावर फिरवायचे.

"बाई, तुह्या कागदाले मस्त जाळ आहे," म्हणायचे. "थोडे वाचले असते लोकाईनं, तं मले कमी भेटले असते."

मला राग यायचा आणि मी आणखी चार द्यायचे.

त्या रविवारी मामांनी डफ शेकला, पहिली थाप मारली आणि नगरपालिकेचा शिपाई समोर आला.

"मामा, बंद करा. नियम निघाला."

"कायचा नियम?"

"शांततेचा."

नेमका त्याच वेळी टॉकीजचा टांगा आला. टांग्याच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले फलक, टपावर भोंगा, आत बसलेला माणूस नव्या चित्रपटाची जाहिरात ओरडतोय आणि मधूनमधून तबकडी लावतोय. टांग्याचा घोडासुद्धा कान मागे टाकून चालत होता. शिपायाने पुन्हा काहीतरी सांगितलं, मामांनी कानाला हात लावला, शिपायाने तिसऱ्यांदा सांगितलं. टांगा कापडबाजाराकडे वळेपर्यंत आम्ही तिघे गप्प उभे राहिलो, कारण बोलून उपयोग नव्हता.

"हा चालतो का?" मी टांग्याकडे बोट दाखवून विचारलं.

"त्याले परवाना आहे."

"मग मामांना द्या परवाना."

"थो जाहिरातीचा असते. मामापाशी काय आहे विकायले?" शिपाई माणूस वाईट नव्हता. तो माझ्याकडे वळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आन्‌ ताई, तुमी मले काऊन बोलता? कागद तुमच्याच छापखान्यात छापला ना."

मामांनी डफ फडक्यात गुंडाळला. मडकीवाल्या बायकांपैकी एकीने "बसा ना मामा, सावलीत बसायले तं नियम नाई," असं म्हटलं. पण मामा बसले नाहीत. मला म्हणाले, "सहा दिवस बोजे उचलतो थे या जागेच्या जोरावर उचलतो, बाई. ही जागा गेली तं मी नुसता हमाल आहे."

मी त्यांना सांगितलं, पुढच्या महिन्याच्या आत तुम्ही इथेच उभे राहून वाजवाल, हे माझ्यावर सोडा. मी हे अगदी खात्रीने सांगितलं. तोवर माझ्या पत्रकांनी दुकानदारांकडून आठवड्याची अर्धी सुट्टी मिळवली होती आणि टांगेवाल्यांची पाणपोई मंजूर झाली होती. एक डफ म्हणजे काय मोठं काम, असं मला वाटत होतं.

त्या आठवड्यात मी मामांच्या वस्तीवर गेले. तिथे वेगळंच प्रकरण निघालं. वस्तीत एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे आणि त्यांचा शब्द मानायचे. झोपडीपुढच्या खाटेवर बसून दादा मला म्हणाले, "तुमी नगरपालिकेशी भांडून राह्यल्या, बरं करता. पण मी म्हन्तो, नगरपालिकेनं आमचं कामच केलं. गळ्यातलं डफडं काढू म्हणून आमी साऱ्याईनं शपथ घेतली, आन्‌ हा भर बाजारात थेच बडवते. लोक काय म्हनतील? ह्या लोकाईचं जातीचं काही सुटलं नाई म्हनतील."

मामा दारात उभे होते. "दादा, गळ्यातलं काढलं. हातातलं नाई काढलं."

"फरक काय पडला?"

"आधी कोणी वाजव म्हनलं की वाजवायचं, थांब म्हनलं की थांबायचं. आता मले वाटलं तं वाजवतो. सांगतल्यावर वाजवत नाई. नागपूरहून आल्यावर एक डाव बी वाजवलं नाई कोणाच्या सांगण्यावरून. जिनाच्या मालकानं पोराच्या नावठेवणीले बोलावलं होतं, गेलतो का?"

"नाई गेलता," दादा म्हणाले. "पण डफडं थे डफडं."

दोघे एकमेकांचा मान ठेवून भांडत होते आणि कोणीच हटत नव्हतं. मी हे सगळं ऐकलं. कान उघडे होते, पण डोक्यात नगरपालिकेचा नियम घोळत होता आणि त्यातली पळवाट मला नुकतीच दिसली होती. म्हणून जे ऐकलं ते माझ्या आत गेलंच नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाचा हा दोष असतो. समोरचा बोलत असतो तेव्हा आपण पुढचं वाक्य जुळवत असतो.

पळवाट अशी होती. परंपरागत सेवेतल्या वाजंत्र्यांना नियम लागू नाही. मामांच्या घरात डफ पिढ्यान्‌पिढ्यांचा. मग मामा परंपरागत नाहीत तर कोण आहेत? मी अर्ज लिहिला. पाच पिढ्यांपासून ग्रामसेवेत वादनाचं काम करणाऱ्या घराण्यातला अर्जदार, परंपरेने चालत आलेली सेवा पुढे चालवत असून, नियमातल्या सवलतीस पात्र आहे. शेवटी मी आणखी एक चलाखी केली. अर्जदार समितीसमोर वादन करून दाखवण्यास तयार आहे, म्हणजे आवाज किती होतो याची खात्री व्हावी. टांग्याच्या भोंग्यापुढे डफ म्हणजे कुजबुज आहे, हे त्यांना ऐकवायचं होतं मला.

मामांना अक्षरओळख सहीपुरती होती. जिनाच्या फाटकाशी, जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना अर्ज दाखवला. वाचून दाखवला का? वरवर. "तुम्हाला कडुलिंबाखाली वाजवू द्यावं असं लिहिलंय, बाकी कायद्याचं आहे," असं मी म्हणाले. त्यांनी हात पुसले, कागद भिंतीला लावला आणि एकेक अक्षर ओढत सही केली. माझ्यावर विश्वास ठेवून केली. दुकानदारांनी नोकरांकडून न वाचता अंगठे घेतले म्हणून मी एक अख्खं पत्रक लिहिलं होतं, आणि तेच मी त्या भिंतीपाशी करत होते. मला ते तेव्हा कळलंसुद्धा नाही.

समितीची बैठक दुपारी होती. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, अध्यक्ष मधोमध. डाव्या हाताला कापडाचे व्यापारी असलेले एक सभासद. बाजारातल्या आवाजाची मूळ तक्रार त्यांचीच होती. कारकुनाने अर्ज वाचायला घेतला. मामा भिंतीशी उभे होते, काखेत फडक्यात गुंडाळलेला डफ. मी त्यांच्या शेजारी.

"पाच पिढ्यांपासून ग्रामसेवेत," कारकून वाचत गेला, "परंपरेने चालत आलेली सेवा पुढे चालवत असून."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना डोळ्यांनीच खुणावलं, थांबा, सगळं नीट चाललंय.

आणि सगळं खरोखरच नीट चाललं होतं. अध्यक्ष खुश झाले. "अहो, हे तर आपलंच माणूस निघालं. जुनी सेवा आहे. सवलत आहेच नियमात. काय हो?" त्यांनी कापडवाल्यांकडे पाहिलं.

कापडवाल्यांनाही अडचण दिसली नाही. "परंपरेतला असंल तं माझं काही म्हणणं नाही. पोळ्याला, दसऱ्याला आपल्याला बी लागतोच वाजवणारा. बाजारात हाक मारली की येईल."

"बरं," अध्यक्ष मामांना म्हणाले, "वाजव पाहू थोडं. किती आवाज होते ते ऐकून घेऊ, मग मंजूर करून टाकू."

मामांनी डफ काखेतून काढलाच नाही.

"वाजव ना," अध्यक्ष पुन्हा म्हणाले.

"हे कोणी लिव्हलं?" मामांनी कारकुनाला विचारलं.

कारकुनाने कागद उलटा करून दाखवला. "तुमची सही आहे."

"मी लिहिलंय," मी म्हणाले.

"मंग हे तुमचं आहे. माह्यं नाई." मामा अध्यक्षांकडे वळले. आवाज चढवला नाही. "साहेब, मी कोणाच्या सेवेत नाई. सेवा होती, मी सोडली. अर्ज वापस द्या."

"अरे, परवानगी भेटून राह्यली तुले. नुसतं वाजवून दाखवायचं आहे."

"थेच नाई दाखवत, साहेब."

कापडवाले हसले. "बाजारात फुकट वाजवतो आन्‌ इथं मान मागतो."

मामांनी कारकुनाच्या हातातून कागद घेतला, घडी केली, खिशात ठेवला आणि बाहेर गेले. मी त्यांच्या मागे धावले. मागे अध्यक्ष कोणाला तरी म्हणत होते की या लोकांचं भलं करायला जाऊ नये.

नगरपालिकेच्या पायऱ्यांवर मी मामांवर चिडले. अगदी खरं सांगते, चिडले. "हातात आलं होतं मामा. एक शब्द होता नुसता. कायद्यातला शब्द आहे तो, त्याच्याशी काय घेणं आपल्याला? वाजवायला मिळालं असतं."

मामा पायरीवर बसले. मलाही बस म्हणाले.

"तुले हाकारा ठाव आहे?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं.

"साहेब लोकं शिकारीले यायचे, कारंज्याकडच्या जंगलात. साहेब मचाणावर. आमी गवतात. एका रांगेत चालायचं, आन्‌ डफडं वाजवत वाजवत जनावर त्याच्याकडं हाकायचं. गवत माह्या डोक्याच्या वर. वाघ कुठून निघल थे कोणाले बी ठाव नाई. पण डफडं थांबवायचं नाई. थांबलं तं रांग तुटते, जनावर मागं फिरते. एक डाव माह्याच समोरून गवत हाललं. माहे पाय थांबले, हात नाई थांबले. हात सांगतलेलं काम करून राह्यले होते. तवा मले समजलं, हे हात माहे नाईत." ते आपल्या हातांकडे न पाहता समोरच्या टांग्याच्या अड्ड्याकडे पाहत होते. "त्याले म्हन्तेत परंपरागत सेवा. तू शब्द लिव्हला, बाई. मी त्या रांगेत चाललो."

मी त्यांची माफी मागितली, पण ती धड आली नाही.

"माफी राहू दे," मामा म्हणाले. "दुसरा अर्ज लिव्ह. या डावी मी सांगतो, तू लिव्ह. आन्‌ वाचून दाखव, पुरा."

त्याच पायरीवर बसून आम्ही दुसरा अर्ज लिहिला. मी लिहिलेल्या सगळ्या मजकुरात तो सर्वांत छोटा आहे. मामा सांगत होते आणि मी मध्येच भर घालू पाहत होते.

"इथे 'शोषित कामगार' लिहू का?"

"म्हंजे काय?"

मी समजावलं.

"थे तुह्या पत्रकात लिव्ह. इथं माह्यं नाव लिव्ह, जागा लिव्ह, वेळ लिव्ह."

"आणि कारण?"

"कारण काऊन पाहिजे? टांगेवाल्यानं देल्लं का कारण?"

तिथे माझं डोकं ठिकाणावर आलं. हाच खरा मुद्दा होता आणि तो मामांच्या तोंडून निघाला. सवलत मागायचीच नाही. जो नियम भोंग्याला तोच डफाला, ही मागणी करायची. भोंग्याला वेळ असेल तर डफाला वेळ, भोंग्याला जागा असेल तर डफाला जागा, आणि भोंग्याने गुपचूप राहायचं असेल तर दोघेही गुपचूप.

पुढचे दोन रविवार मी कामाला लागले. पहिल्या रविवारी टांग्याच्या मागे चालत गेले. भोंगा रेल्वेच्या पुलापर्यंत ऐकू येत होता, शाळेच्या आवारात येत होता, दवाखान्याच्या खाटांवर येत होता. दवाखान्यातल्या परिचारिकेने मला सांगितलं की रोग्यांना आता चित्रपटाची गाणी पाठ झाली आहेत. दुसऱ्या रविवारी मामांनी बाजाराच्या हद्दीबाहेर, मोकळ्या मैदानात डफ वाजवला. वाजवायचं त्यांनीच ठरवलं होतं, मी फक्त विचारलं होतं की आज वाजवणार आहात का. कडुलिंबापासून मडकीवाल्या बायका असतात तितक्या अंतरावर डफ मस्त ऐकू येत होता, कापडबाजाराच्या वळणाइतक्या अंतरावर पुसट, आणि त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं. हे सगळं मी कागदावर मांडलं. पत्रकासारखं एकही विशेषण घातलं नाही. ते पाहून छापखान्याच्या मालकांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

समितीच्या पुढच्या बैठकीला मी ते मांडलं तेव्हा कापडवाले म्हणाले, "भोंग्यात जाहिरात असते. उपयोगाची गोष्ट आहे. लोकाईले माहिती भेटते."

"म्हणजे विकणाऱ्याने ओरडलं तर तो आवाज नाही, आणि न विकणाऱ्याने गायलं तर तो आवाज," मी म्हणाले. "मग नियमाच्या कागदावर शांतता कशाला छापली? धंदा छापा. मुद्रित मीच तपासते, लगेच दुरुस्त करून देते."

एक सभासद हसले. ते डॉक्टर होते आणि त्यांचं घर टांग्याच्या वाटेवर होतं. "माझ्या घरातले लोक बहिरे व्हायच्या आधी काहीतरी करा," ते म्हणाले. "डफाचं नंतर पाहू, आधी भोंग्याला वेळ लावा."

"नंतर नाही," मी म्हणाले. "दोघांना एकच वेळ."

अध्यक्षांनी मामांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" यावेळी त्यांनी तुम्ही म्हटलं. लक्षात ठेवावं इतकं ते स्पष्ट होतं.

"अर्जात आहे," मामा म्हणाले. "माह्यं नाव, जागा, वेळ. मले कोणत्या यादीत टाकू नका, येवढंच."

बरीच वादावादी झाली. टॉकीजच्या बाजूने बोलणारेही होते. डॉक्टर आणि आणखी दोघे आमच्या बाजूला आले, अध्यक्षांनी शेवटी कल आमच्याकडे दिला. नियम बदलला. रविवारी दुपारी चार ते सहा, ध्वनिवर्धक असो की वाद्य, नेमलेल्या जागी. टांग्याने दवाखान्याच्या रस्त्याला फिरकायचं नाही. मी मागितलेलं सगळं मिळालं असं नाही. सकाळची वेळ मिळाली नाही, आणि परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागणार. त्यासाठी मी दरवर्षी भांडणार आहे, हे नगरपालिकेने लिहून ठेवावं. पण 'परंपरागत सेवा' हे दोन शब्द नियमातून गेले. कारण ते कोणाला तरी सवलत देत होते आणि त्या सवलतीत माणसाला परत बांधत होते. ते गेलेले मी मुद्रितावर स्वतः तपासले, दोनदा.

परवान्यावर मामांचं नाव आणि पुढे कडुलिंबाची जागा, बस. व्यवसायाच्या रकान्यात कारकुनाने विचारलं तेव्हा मामांनी "जिनातला कामगार" असं सांगितलं. डफाचं काही लिहू दिलं नाही.

परवाना मिळाल्यावरच्या पहिल्या रविवारी चारच्या आधीच बाजाराच्या टोकाला गर्दी जमली. मडकीवाल्या बायकांनी मडकी जरा सरकवून जागा केली होती. शिपाई आला होता, या वेळी बाजूला उभा राहून विडी ओढत. वस्तीतलेही काही लोक आले होते आणि त्यांच्यात दादा होते. ते गर्दीत नव्हते, दूर रसवंतीच्या बाकावर टेकले होते, पाठ कडुलिंबाकडे आणि मान थोडी वळवलेली.

मामांनी डफ शेकला. एकदा टिचकी मारून पाहिली आणि डफ मांडीवर ठेवून बसून राहिले. चार वाजून गेले. शिपायाने घड्याळ पाहिलं आणि विडी संपवली. मी काही बोलले नाही. मला ते आता जमायला लागलं होतं.

शेवटी दादा उठले, काठी टेकत कडुलिंबाखाली आले. गर्दीने वाट दिली.

"काऊन बसला?"

"बसलो."

"कोणी बोलावलं होतं का आज तुले?"

"नाई."

"नगरपालिकेनं?"

"थे तं नको म्हनत होते."

"या बाईनं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "हिनं बी नाई. हिची हिंमत नाई होत आता."

लोक हसले. मीही हसले, कारण खरं होतं.

दादांनी डफाकडे पाहिलं, मग मामांच्या हातांकडे. "बरं," ते म्हणाले, "मंग वाजव."

"आता नाई वाजवत," मामा म्हणाले. "आता तुमी सांगतलं."

क्षणभर दादांना कळेना. मग त्यांचं तोंड हळूहळू पसरलं आणि ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. मडकीवालीने एक उलटं मडकं पुढे सरकवलं, आणि दादा त्याच्यावर न बसता जमिनीवरच, मामांच्या शेजारी, मांडी घालून बसले. काठी आडवी ठेवली.

"मले काही घाई नाई," ते म्हणाले.

मामा त्यांच्याशी जिनाबद्दल बोलायला लागले, कोणता बोजा कोणाच्या पायावर पडला याबद्दल, पोरीच्या शाळेबद्दल. गर्दीतले काही लोक कंटाळून भाजी घ्यायला गेले, काही परत आले. शिपाई दुसरी विडी पेटवून उभा राहिला. आणि बोलता बोलताच, वाक्याच्या मध्येच कुठेतरी, मामांचा उजवा हात डफावर पडला.